पॉवर व्हीलचेअर घेऊन पुणे ते दिल्ली विमानाने: हेल्पलाइनवर विसंबू नका

विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर ‘सर, सगळी नोंद झाली आहे’ असं ऐकू आलं, की लगेच फोन ठेवू नका. काय नोंदवलं ते वाचून दाखवायला सांगा आणि तेच ईमेलवर मागा. माझ्या नोंदीत ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच होतं. माझी स्वतःची बॅटरीवरची खुर्ची सोबत येणार आहे, हे काउंटरवर कोणालाच माहीत नव्हतं. वर त्याच फोनवर ‘बॅटरी खुर्चीतच राहू द्या’ असं सांगितलं होतं. ते साफ चूक निघालं.

काढता येणारी लिथियम-आयन बॅटरी काढायची, तिची टर्मिनल (तारा जोडायची टोकं) झाकायची आणि केबिनमध्ये आपल्यासोबत न्यायची, असा नियम आहे. मर्यादा ३०० वॉट-अवर. जादा बॅटरी न्यायची तर ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. सीलबंद जेल बॅटरी पक्की बसवलेली असेल तर खुर्चीतच राहते. बॅटरीवर बऱ्याचदा नुसते व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात आणि काउंटरवर वॉट-अवर विचारतात. दोन्हींचा गुणाकार करा. माझी २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, म्हणजे २८८. हे गणित मी समोर येईल त्या प्रत्येकाला करून दाखवत होतो. खरं काम केलं ते खुर्ची बनवणाऱ्या कंपनीच्या पत्राने. तेच पत्र सुरक्षा तपासणीतही दाखवलं. नवी खुर्ची घेणार असाल तर हे आधी बघा: काढता येणारी २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी ४८० होते. विमानप्रवास करायचा असेल तर ती घेऊच नका.

माझ्यासारखं चालता येत नसेल तर बुकिंग करताना डब्ल्यूसीएचसी हाच कोड टाकून घ्या. शेवटचं अक्षर ‘आर’ म्हणजे जिना चढता येतो, ‘एस’ म्हणजे जिना नाही पण विमानात चार पावलं टाकता येतात, ‘सी’ म्हणजे अजिबात चालता येत नाही. कोड चुकला की आइल चेअर, म्हणजे विमानातल्या पॅसेजमधून जाणारी अरुंद खुर्ची, येत नाही, मग चार जण येऊन ‘उचलूया ना’ म्हणतात. नाही म्हणा. संमतीशिवाय उचलणं अमानवी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलेलं आहे. कृत्रिम पाय तपासणीसाठी काढायला लावू नये, हेही तेव्हाच.

पहिली रांग कोणी कितीही आपुलकीने देऊ केली तरी घेऊ नका. तिथल्या सीटचे हात बहुधा वर होत नाहीत, कारण ट्रे त्यांच्या आत असतो. मागच्या रांगांत काही विमानांत पॅसेजकडच्या हाताखाली एक लपलेली कळ असते. केबिन क्रूला ती शोधायला सांगा. हात वर झाला की ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीवरून सीटवर सरकणं, मिनिटभराचं काम.

आता उतरल्यानंतरचं, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. खुर्ची विमानाच्या दाराशी मिळेल असं कबूल केलं होतं. दाराशी आली ती विमानतळाची साधी खुर्ची, पाठ आखूड आणि उशी नाही. माझी खुर्ची ‘बेल्टवर येईल’. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला कडक सीटवर बसवून लांबलचक टर्मिनलमधून ढकलत नेणं म्हणजे काय, हे ज्यांना बेडसोर झालाय त्यांना विचारा. पुढचे कित्येक महिने पालथं झोपून काढावे लागतात. मी माझी उशी विमानात सोबत ठेवली होती म्हणून वाचलो. उशी कधीही, कोणीही सांगितलं तरी, सामानात देऊ नका. बेल्टवर खुर्ची आली तेव्हा जॉयस्टिकचा ब्रॅकेट मोडून लोंबकळत होता. लोडरने तिथे धरूनच उचलली असणार. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं कुठे धरायचं.

दिल्लीतले दिवस चांगले गेले. ब्रॅकेट दुरुस्त झाला, मेट्रोला लिफ्ट आहेत, कुतुबमिनारच्या आवारात रॅम्प आहेत.

परत येताना जॉयस्टिक सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि केबिनमध्ये नेली. क्लच सोडून खुर्ची हाताने ढकलता येईल अशी केली. पाठीवर लॅमिनेट केलेला कागद बांधला: वजन किती, कुठे धरायचं, कुठे नाही, क्लच कुठे. हिंदीत, मोठ्या अक्षरांत, फोटोंसह. खुर्ची पुण्यात दाराशी आली, अखंड. मी तिथेच जॉयस्टिक जोडली, बॅटरी बसवली आणि कोणी न ढकलता बाहेर पडलो. जा, बिनधास्त जा, हा कागद मात्र विसरू नका.

मदतनिसाच्या सेवेचे पैसे लागत नाहीत. बाहेर गाडीपाशी मला मागितले गेले, मी दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका. फक्त मदत हवी असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्राचा आग्रह धरता येत नाही, हे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमात आहे. मात्र प्रवासाआधी ४८ तास कळवा. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना विमानातून उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. काउंटरवर कोणी अडवलं तर हे नाव घ्या.

खुर्ची मोडली असेल तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधीच फोटो काढा आणि नुकसानीचा लेखी अहवाल, म्हणजे पीआयआर, करून घ्या. एकदा बाहेर पडलात की ‘आमच्याकडे मोडली नाही’ म्हणायला ते मोकळे. त्या अहवालाच्या क्रमांकासह कंपनीकडे तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर टाका. मी दोन्हीकडे टाकली आहे.