पेन्झान्सहून शनिवारी रात्री गाडी नाही

सगळ्यात आधी हे वाचा, मग पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पेन्झान्स (इंग्लंडचं नैऋत्य टोक) ते लंडन रात्रीची झोपायची गाडी शनिवारी रात्री सुटत नाही. आठवड्याच्या बाकी सगळ्या रात्री सुटते. आणि रग्बीचे सामने असतात बहुतेक शनिवारी. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी लंडनजवळ स्लाऊला राहतो. ऑफिसातल्या एका रग्बीवेड्याने २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात भरवलं की प्रीमियरशिपच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या रग्बी लीगच्या, महागड्या तिकिटांच्या नादी लागू नकोस, खालच्या पायरीवर, चॅम्पियनशिपला ये. तिकीट स्वस्त, मैदानाच्या दोरीला टेकून उभं राहता येतं, सामना संपला की खेळाडू बारमध्ये शेजारी येऊन उभे राहतात, आणि जो जिंकतो तो वरच्या लीगमध्ये जातो म्हणून चुरस जबरदस्त. पहिल्या तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या. चौथी निव्वळ थाप.

त्या २०२३-२४ च्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये लंडनचे ईलिंग ट्रेलफाइंडर्स पहिले आले. वर गेले नाहीत. प्रीमियरशिपला तेव्हा १०,००१ प्रेक्षकांचं मैदान लागायचं आणि ईलिंगचं त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. तिकडे वरच्या लीगमध्ये न्यूकासल फाल्कन्स १८ पैकी १८ सामने हरले आणि तरी वरच राहिले. २०२२ मध्येही ईलिंग पहिले येऊन तिथेच थांबले होते. म्हणजे हे सगळं जुनंच होतं, मी चौकशी केली नाही ही माझी चूक. पण ज्याने मला हे पटवलं तो वीस वर्षं रग्बी बघतोय! तेव्हा कुणाला वर चढताना बघायचं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. चिखलातला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांची डोकी अडकवून चालणारी रेटारेटी, बघायला जा.

दुसरा फटका हंगाम सुरू व्हायच्या आत बसला. आदल्या वर्षीचा विजेता जर्सी रेड्स, म्हणून जर्सी बेटाचं विमान सगळ्यात आधी काढलं. सप्टेंबरच्या अखेरीस क्लबच बुडाला. बाराचे अकरा संघ उरले. तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते, म्हणून हट्टाने गेलो, बंद फाटक बघून आलो. वर खिशात जर्सीच्या पौंडाच्या नोटा उरल्या, त्या लंडनच्या दुकानात कुणी घेईना. या पायरीवर क्लब टिकतील हे गृहीत धरू नका. २०२० मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनने (खेळाची राष्ट्रीय संघटना) त्यांचं अनुदान जवळपास निम्म्यावर आणलं, तेव्हापासून अनेकांचा संसार उधारीवर चाललाय. रद्द करता येईल असंच तिकीट काढा.

आता पेन्झान्स. जाताना शुक्रवारी रात्री लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून झोपायच्या गाडीत बसलो. बर्थ नाही, साधी खुर्ची. पाठ धरते, पण सकाळी डोळे उघडले की खिडकीत समुद्र. स्टेशनवरून समुद्राच्या कडेकडेने चालत मेनाय फील्ड हे मैदान वीस-पंचवीस मिनिटांवर. वारा असा की लाथाडलेला चेंडू वर जाऊन जणू विचार बदलायचा आणि मागे यायचा. इथला क्लब कॉर्निश पायरेट्स. त्यांच्या फॉरवर्डनी (पुढच्या फळीतल्या दांडग्या खेळाडूंनी) दुसऱ्या अर्ध्यात पंधरा मीटर मॉल, म्हणजे चेंडूवाल्याभोवती बिलगलेला घोळका, ढकलत नेला तेव्हा माझ्या बाजूच्या आजीबाईंनी मला मिठी मारली. अख्ख्या हंगामात इतका आनंद दुसरीकडे झाला नाही.

मग बार. मग अजून एक. संध्याकाळची थेट गाडी मी डोळ्यांदेखत जाऊ दिली, कारण रात्रीची आहे ना! साडेनऊला स्टेशनवर पोचलो तर सगळा शुकशुकाट. झाडूवाल्याने सांगितलं, शनिवारी नसते रे बाबा.

खोली शोधताना तीन ठिकाणी नकार, चौथ्या ठिकाणी ११० पौंड. हीटर बंद, गादी ओलसर, सकाळचा नाश्ता वेगळा. मालकाला माझी अवस्था तोंडावरच दिसत होती. पैसे दिले, दुसरं काय करणार. आणि रविवारी तर कहर झाला. रुळांचं काम असल्याने प्लिमथला सगळ्यांना उतरवून बसमध्ये कोंबलं. माझ्या मांडीवर एका पोराची सायकलची चाकं. एक्झिटरला पुन्हा गाडी, ती उभ्याने. सकाळी निघालेला मी रात्री घरी. या टप्प्याबद्दल माझं मत अजूनही थंड झालेलं नाही. उशिराची भरपाई मिळते, पण अर्ज २८ दिवसांच्या आत करावा लागतो. मी केला, मिळाली. तुम्हीही तिकिटाचा फोटो काढून ठेवा.

म्हणून सांगतो, गुणतक्ता नंतर बघा, आधी रविवारचं रेल्वे वेळापत्रक बघा.

आता लीगमधले बाकीचे क्लब. हार्टपरीला ग्लॉस्टरहून टॅक्सी करावी लागते. जाताना १८ पौंड, येताना त्याच रस्त्याचे ३०. मीटर कुठे आहे विचारलं तर 'शनिवार आहे' हे उत्तर. परतीचं भाडं जातानाच ठरवून टाका, नाहीतर घरी जाणाऱ्या एखाद्या समर्थकाला लिफ्ट मागा. लोक देतात, लाजू नका. अॅम्टहिलला स्टेशनच नाही, फ्लिटविकला उतरून पायपीट. कॉल्डीसाठी लिव्हरपूलहून वेस्ट कर्बी आणि पुढे बस किंवा जवळपास तासभर चाल. कॉल्डीचे बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात आणि हीच मंडळी पाचशेहून जास्त किलोमीटर बसने पेन्झान्सला खेळायला जातात. हे कळल्यावर माझी कुरकुर जरा कमी झाली. जरा.

बेडफर्ड, कॉव्हेंट्री, नॉटिंगहॅम, रिचमंडचं मैदान: स्टेशनवरून चालत जा, सामना बघा, घरी या. सांगण्यासारखं काही नाही.

बूट आणि रेनकोट आहेत असं धरतो. छत्री नेऊ नका, मागचे लोक ओरडतात आणि बरोबर ओरडतात. वर्षभराचा पास काढू नका, तो एकाच क्लबच्या घरच्या सामन्यांचा असतो.

आता या लीगचं नाव चॅम्प रग्बी झालंय, २०२५-२६ पासून १४ संघ आहेत, आणि २०२२ मध्ये बुडालेला वूस्टरचा क्लब परत आलाय. त्यांच्या सिक्सवेज मैदानात दहा हजारांहून जास्त माणसं मावतात, म्हणजे निदान मैदानाचं कारण त्यांना कुणी देऊ शकणार नाही.

पायरेट्सचा घरचा सामना रविवारी लागला तर मात्र डोळे झाकून जा. रविवारी रात्रीची गाडी असते, सोमवारी पहाटे पॅडिंग्टन, तिथून मी थेट ऑफिसला. अंघोळीची सोय स्वतःची स्वतः बघा.