सॅलड ज्याचं त्यानं घ्यावं

जपानमध्ये ऑफिसातली मंडळी संध्याकाळी एकत्र खायला-प्यायला बसली की टेबलाच्या मधोमध सॅलडचा एक मोठा वाडगा येतो आणि त्यात एक चिमटा. वाडगा सगळ्यांचा, चिमटा मात्र, कुणी काही न बोलता, टेबलावरच्या तरुण बाईकडे सरकतो. तिनं प्रत्येकाच्या बशीत पाला, टोमॅटो आणि वरचे पावाचे कुरकुरीत तुकडे सारखे येतील असं वाढायचं. वाढलं तर मुलगी गुणाची. आणि नाही वाढलं तर? क्योतोच्या ओतोबोके बीव्हर या चौघींच्या बँडनं 2022 साली ‘सुपर चँपॉन’ अल्बममध्ये याच विषयावर एक गाणं केलं. सॅलड वाढणार नाही, एवढाच त्याचा मजकूर. तो कानठळ्या बसतील अशा आवाजात सांगितलाय, ही गोष्ट वेगळी.

पंगती उठवून मग गार आमटी-भातावर बसलेल्या आया-आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्या मुलींना हे गाणं समजायला दुभाषी लागत नाही.

जपानमधल्या बायकांच्या बँडांची गंमत इथंच आहे. विषय छोटे असतात: खाणं, नोकरी, चपटं नाक, उत्तर न आलेला मेसेज. पण ते छोटे आहेत म्हणून कुणी हळू आवाजात गात नाही. ‘गर्ल्स बँड’ अशी एक वेगळी फळी करून हे सगळे तिच्यावर रचून ठेवायची तिकडे पद्धत आहे, आणि ती तितकीशी उपयोगाची नाही. एकाच फळीवर लोणचं आणि रॉकेल ठेवल्यासारखं होतं ते.

म्हणून सुरुवात कुठून करायची याला महत्त्व आहे. ओतोबोके बीव्हरपासून अजिबात करू नका. ‘सुपर चँपॉन’मध्ये 18 गाणी आणि सगळी मिळून सुमारे 21 मिनिटं, ध्रुवपद कुठलं, कडवं कुठलं हे ठरेपर्यंत गाणं संपलेलं असतं. लय ओळीच्या मधेच बदलते. सवय नसलेला कान दमतो, आणि मग ‘हा नुसता आरडाओरडा आहे’ असं मत कायमचं होऊन बसतं.

पहिला मुक्काम शोनेन नाइफ. 1981 साली ओसाकात नाओको आणि आत्सुको यामानो या बहिणी आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी हा बँड काढला. शोनेन म्हणजे मुलगा, त्यामुळे मुलींच्या बँडचं नाव ‘पोरांचा चाकू’. तीन-चार कॉर्ड (गिटारवर एकदम छेडायचे सूर), स्वच्छ चाल, आणि गाणी बरीचशी खाण्यावर. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या कर्ट कोबेनला ती इतकी आवडली की 1991च्या ब्रिटन दौऱ्यात या तिघी निर्वाणाच्या आधी वाजवायला होत्या. गिटार नव्यानं शिकणाऱ्या मुलीला यांच्या गाण्यांइतका चांगला सराव मिळणार नाही. बोटं अडकतात ती कॉर्ड बदलताना, आणि इथं बदल कमी आणि नेमक्या जागी असतात.

त्यानंतर चॅटमंची, आणि इथं जरा रेंगाळा. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमातला तिघींचा बँड: गिटार, बास, ड्रम. तिघांत वाजवायचं म्हणजे लपायला जागा नसते. गिटारवाली गाताना साधं वाजवते, आणि रिकामी जागा बास भरून काढतो. इअरफोन लावून एकदा फक्त बासच ऐकत एक गाणं पूर्ण करा, मग हे कळेल. 2011 मध्ये ड्रमर कुमिको ताकाहाशी बाहेर पडली. अनेक गाण्यांचे शब्दही तिचेच होते. दुसरा कुणी असता तर नवा ड्रमर शोधला असता. यांची बास वाजवणारी आकिको फुकुओका सरळ ड्रमवर जाऊन बसली, आणि 2012 साली दोघींचा अल्बम आला, नाव ‘हेनशिन’, म्हणजे रूपांतर. आधीचं आणि नंतरचं एकेक गाणं लागोपाठ लावून पाहा. नंतरच्यात सफाई कमी आहे, पण नेट जास्त. 2018 मध्ये दोघींनी बँड ठरवून बंद केला.

आपल्याकडच्या बऱ्याच मुली अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या वाटेनं येतात, आणि ती वाट चांगली आहे, फक्त अर्ध्यावर सोडू नये. ‘बोच्ची द रॉक’ या मालिकेतल्या बँडचं नाव केस्सोकू बँड, म्हणजे वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी. त्यातल्या चौघींची आडनावं एशियन कुंग-फू जनरेशन या चार पुरुषांच्या बँडवरून घेतली आहेत. हे ठाऊक असलेले बरेच असतात. पण शेवटची श्रेयनामावली वाचत नाहीत. ‘काराकारा’ हे त्यातलं गाणं लिहिलंय आणि चालीत बसवलंय ट्रिको बँडच्या इक्क्यू नाकाजिमानं, आणि ‘नानी गा वारुइ’ द पेगीजच्या यूहो किताझावानं. म्हणजे खऱ्या बँडांचे पत्ते तिथंच छापलेले असतात.

ट्रिको हाही क्योतोचा, 2010चा. यांच्याकडे पाच, सात अशा विषम मात्रा सर्रास येतात. तबल्याच्या क्लासला झपताल नि रूपक मोजलेल्या मुलींना त्याची भीती वाटायचं कारण नाही. पण एक फसगत होते. आपण समेची वाट बघतो, आणि इथं मात्रांची संख्या गाण्याच्या मधेच बदलते, त्यामुळे सम आपण धरलेल्या जागी येतच नाही. तेव्हा टाळी सोडा आणि गाणाऱ्या आवाजाच्या मागे जा. आवाज सरळ चालतो, वाद्यं त्याच्याभोवती अडखळवतात. दोनदा ऐकल्यावर पाय आपोआप धरतो.

नागोयाच्या चाय बँडनं ‘निओ कावाई’ असा शब्द काढला होता: चेहऱ्यातल्या ज्या गोष्टींवरून मुलींना ऐकवलं जातं, त्याच देखण्या म्हणायच्या. 2024 मध्ये तो बँड संपला, पण 2017चा ‘पिंक’ अल्बम अजून ताजा आहे. मेडच्या झालरीच्या पोशाखात कडक रॉक वाजवणाऱ्या बँड-मेडविषयी फार सांगायला नको; त्यांना श्रोते आहेत. आता ओतोबोके बीव्हरकडे परत या. आता तो आरडाओरडा वाटणार नाही.

शोधताना रोमन लिपीवर विसंबू नका. एकच नाव चार तऱ्हेनं लिहिलं जातं. हित्सुजीबुंगाकुसारखं (अर्थ: मेंढी-साहित्य) नाव जपानी लिपीतच उचलून शोधयंत्रात डकवा. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी एक: पुस्तकात ‘दामे’ (म्हणजे ‘चालणार नाही’) शिकलेलं ओसाका-क्योतोच्या तोंडी ‘आकान’ होतं, आणि ‘बोकु’ हे मुलग्यांचं ‘मी’ गायिका बिनदिक्कत वापरतात. परीक्षेत मात्र दोन्ही लिहू नका.

तिकडे जाणं झालंच, तर लाइव्ह हाउसला जा. तळघरातली छोटी, काळोखी खोली. तिकिटावर दोन वेळा असतात, दार उघडायची आणि वाजवायला सुरुवात व्हायची. आत सोडतात ते तिकिटावरच्या क्रमांकानं, त्यामुळे लवकर जाऊन रांगेत पुढं घुसण्यात अर्थ नाही. तिकिटाखेरीज पेयाचे 500 ते 700 येन सक्तीचे. बऱ्याच ठिकाणांचा परवाना खाद्यगृहाचा असतो, म्हणून. सुटे न्या.

नवख्या बँडांना बहुतेक ठिकाणी ‘नोरुमा’ असतो, तिकिटांचा ठरलेला कोटा. समजा 20 तिकिटं, प्रत्येकी 2000 येनची, आणि खपली 12, तर उरलेले 16,000 येन बँडनं खिशातून भरायचे. एका रात्री चार-पाच बँड वाजवतात, म्हणून दारातला माणूस विचारतो, आज कोणाला ऐकायला आलात? तो गप्पा मारत नसतो. त्याच्या हातातल्या कागदावर प्रत्येक बँडपुढे रेघा ओढलेल्या असतात. नाव पाठ करून जा आणि स्पष्ट सांगा. संकोचानं ‘सगळ्यांनाच’ म्हणालात, तर तुमची रेघ कुणाच्याच नावापुढे पडत नाही.