भुसावळ ते रावेर: केळीचे फोटो आणि पायथॉनच्या प्रोसेस

भुसावळहून खंडव्याच्या लाइनला दुसखेडा, सावदा, निंभोरा आणि मग रावेर. डाव्या हाताला सातपुडा आणि मध्ये केळीच्या बागाच बागा. ड्रोनने करप्याची (केळीच्या पानांवरच्या रोगाची) पाहणी करायची तर उड्डाणं सकाळीच उरकावीत. वारा सुटला की पानं हलतात, फोटो पुसट येतात. उतरवायला बांध किंवा गाडीरस्ता निवडावा, बागेत ड्रिपच्या नळ्या असतात. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या) नकाशावर क्षेत्राचा रंग पाहावा, उडवायला मोकळीक आहे की नाही ते त्यावरून कळतं.

मुक्काम सावद्याला ठेवला तर फोटो त्याच रात्री तपासून होतात आणि बिघडलेला पट्टा सकाळी पुन्हा उडवता येतो. पण खरी अडचण लॅपटॉपवरच येते, पायथॉनच्या अनेक प्रोसेस एकाच वेळी हे फोटो तपासू लागल्या की.

१२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की ४००० × ३००० × ३, म्हणजे ३६ एमबीचा ॲरे (आकड्यांचा तक्ता) होतो. तो मल्टिप्रोसेसिंगच्या क्यूमध्ये (एका प्रोसेसकडून दुसरीकडे वस्तू नेणाऱ्या रांगेत) जसाच्या तसा टाकला तर आधी पिकल होतो, म्हणजे बाइट्सच्या ओळीत बदलतो, मग पाइपमधून जातो आणि पलीकडे नव्याने बांधला जातो. लिनक्सवर त्या पाइपची कुवत सहसा ६४ केबी. क्यूत टाकणारा ‘पुट’ लगेच परत येतो खरा, पण लिहिण्याचं काम मागच्या थ्रेडवर पडून राहतं आणि रॅम फुगत जाते. निकालांची क्यू उपसण्याआधीच वर्करवर (फोटो तपासणाऱ्या प्रोसेसवर) ‘जॉइन’, म्हणजे ती संपेपर्यंत थांबणं, लावला तर मुख्य प्रोसेस आणि वर्कर एकमेकांची वाट पाहत बसतात.

म्हणून डेटा हलवूच नये, त्याचा पत्ता पाठवावा. पायथॉन ३.८ पासून शेअर्ड मेमरी आहे, म्हणजे अनेक प्रोसेसना एकच मेमरी वापरता येते. सुरुवातीलाच ३६ एमबीचे सहा खण करावेत, एकूण २१६ एमबी, आणि प्रत्येकावर नमपायचा (पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा) ॲरे बसवावा. दोन क्यू ठेवाव्यात: एक रिकाम्या खणांची, एक भरलेल्यांची. त्यांतून जातो फक्त खणाचा क्रमांक आणि फोटोचं नाव. वर्करचं काम संपलं की क्रमांक परत रिकाम्यांत. खण मोजकेच असल्याने फोटो वाचणारी प्रोसेस फार पुढे धावत नाही. प्रत्येक आकडा फ्लोट३२ (चार बाइटचा दशांश) केला तर तोच फोटो १४४ एमबी होतो, तेव्हा रूपांतर वर्करमध्ये, तुकड्यातुकड्याने करावं.

‘ब्लॉक नको’ म्हणून ‘गेट-नोवेट’ (क्यू रिकामी असली तरी न थांबता परतणारी मागणी) लूपमध्ये फिरवत ठेवू नये. तो लूप एक कोअर नुसता जाळतो, आणि चाळीस पार पाऱ्यात लॅपटॉप आधीच वेग कमी करून बसलेला असतो. साध्या ‘गेट’ला ०.२ सेकंदाचा टाइमआउट पुरतो. दुसरं काम नसलेली प्रोसेस थांबली तर बिघडत नाही.

वर्कर मेला तर त्याचा खणही अडकतो. कोणता खण कोणाकडे याची नोंद मुख्य प्रोसेसने ठेवावी आणि वर्कर मेला का ते कळायला त्याचा ‘एक्झिटकोड’ बघत राहावं. ‘क्लोज’ (आपल्यापुरता खण सोडणं) प्रत्येकाने करायचा, ‘अनलिंक’ (खण कायमचा काढून टाकणं) फक्त बनवणाऱ्याने, एकदाच. ‘क्लोज’नंतर जुन्या ॲरेला हात लावला तर प्रोग्राम कोसळू शकतो. विंडोजवर शेवटचं हँडल बंद होताच खण नाहीसा होतो, तेव्हा मुख्य प्रोसेसने तो धरून ठेवावा. तिथे आणि मॅकवर ‘मेन’ची अट (if __name__ == "__main__":) लिहायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक वर्कर पूर्ण फाइल पुन्हा चालवायला जातो.

हे सगळं डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवणार असाल तर शेअर्ड मेमरीची मर्यादा मुळात ६४ एमबी असते. ३६ एमबीचे दोन खणही त्यात मावत नाहीत आणि प्रोसेस ‘बस एरर’ (मेमरीची चूक) देऊन पडते. कंटेनर सुरू करतानाच ती मर्यादा ५१२ एमबी करावी.