तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीचा पत्रा कापायला हात कसा धजावला?

इंग्लंडमधल्या आमच्या घरी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून कोणी पाहुणे आले, की गॅरेजमधली केटरहॅम ही छोटी स्पोर्ट्स कार पाहून झाल्यावर त्यांची नजर तिच्या कुशीतून बाहेर आलेल्या एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या, चार नळ्यांवर थांबते. त्या नळ्यांसाठीची खिडकी मी स्वतः कापून मोठी केली आहे असे कळल्यावर प्रश्न ठरलेला असतो : "अहो, एवढ्या सुंदर गाडीचा पत्रा कापायला तुमचा हात कसा धजावला?" दारात उभ्या उभ्या मी जे उत्तर देतो ते नेहमीच अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

आधी गाडीविषयी थोडे सांगायला हवे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' ही छोटी, हलकी, उघडी स्पोर्ट्स कार बाजारात आणली आणि १९७३ साली तिचे हक्क केटरहॅमने घेतले. लोटसच्या काळात सुटे भाग विकत घेऊन गाडी घरी जोडली तर खरेदीकर लागत नसे, त्यामुळे असंख्य लोकांनी ही गाडी आपल्याच अंगणात, आपल्याच पान्ह्यांनी उभी केली. पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर रिवेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि बाहेरच्या बाजूने, दाराखालून मागे जाणारा एक्झॉस्ट, एवढा तिचा साधा संसार. सेव्हनवर हत्यार चालवणे हा तिचा अपमान नाही असे मी मानतो, ते याच कारणाने. ही गाडी मालकाच्या हाताखाली घडावी अशाच रीतीने जन्माला आली आहे.

मात्र याचा अर्थ तिचा पत्रा ही नुसती वरची साल आहे असा घेऊ नये. पिंजऱ्याला घट्ट रिवेट केलेला बाजूचा पत्रा चौकटीला तिरपी होऊ देत नाही. कागदी खोक्याचे झाकण चिकटवले की खोका जसा ताठ होतो, तसे काम तो करतो. म्हणून खिडकी किती मोठी करायची हे केवळ नळीच्या सोयीने ठरवता येत नाही. रिवेटची ओळ आणि तिच्यामागची पोलादी नळी ही माझ्यासाठी लक्ष्मणरेषा होती, आणि त्या ओळीच्या आत किमान दोन बोटांचा पत्रा शिल्लक राहिलाच पाहिजे असे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते.

मोठा एक्झॉस्ट हवा होता तो आवाजासाठी नव्हे, हे आग्रहाने सांगतो. माझ्या गाडीत फोर्डचे जुने क्रॉसफ्लो इंजिन आहे. ते उघडून नवा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवल्यावर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरताना, त्याला जास्त हवा आत घ्यावीशी वाटू लागली, आणि आत येणारी हवा वाढली की जळलेला वायू बाहेर पडायची वाटही रुंद करावी लागते. दीड इंचाच्या नळ्यांऐवजी पावणेदोन इंचाच्या नळ्या बसवल्या तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. हा फरक डोळ्यांना किरकोळ दिसतो, पण इंजिनाला तो चांगलाच जाणवतो. इंजिन मूळ अवस्थेत असते तर मी हे केले नसते, कारण नळी विनाकारण मोठी केली की वायूचा वेग मंदावतो आणि शहरात, खालच्या आरपीएमला, गाडी उलट मरगळते. कोणी नुसता जाड एक्झॉस्ट बसवायचा म्हणून सल्ला विचारला तर मी त्याला आधी इंजिनात काय बदलले आहे ते विचारतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हात धजावला, कारण तो आधी एकदा चुकला होता. या गाडीच्या आधीच्या गाडीत मी हेच काम केले, तेव्हा नळी आणि पत्रा यांच्यात चहूबाजूंनी जेमतेम पाच मिलिमीटरची सारखी फट ठेवली होती. ती फार देखणी दिसत होती. पहिल्याच लांब फेरीत, तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावताच, तापलेली नळी पत्र्याला जाऊन टेकली. रंग जळाला, आणि महिन्याभरात खिडकीच्या एका कोपऱ्यातून केसासारखी चीर निघाली. तो कोपरा मी काटकोनात कापला होता. पत्र्यावरचा ताण अशा टोकदार कोपऱ्यात गोळा होतो आणि इंजिनाच्या थरथरीने तिथूनच चीर चालू होते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. ते दुःख अजून आठवते.

म्हणून या वेळी मी नळी न मोजता नळीची हालचाल मोजली. स्टेनलेस स्टीलची नळी तापून लांबते, पण इंजिनापासून पत्र्यापर्यंतच्या तीसेक सेंटिमीटरमध्ये तापमान पाचशे अंशांनी वाढले तरी ती वाढ अडीच मिलिमीटरच्या आसपासच भरते. खरी हालचाल इंजिनाची असते, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे आधारांवर, बसलेले असते आणि जोर लागला की ते एका अंगावर कलते. खिडकीच्या जागी पुठ्ठा लावून, त्यावर नळीच्या थंड अवस्थेतल्या कडा आखून, मुलाला गाडीत बसवून ॲक्सिलरेटरला छोटे झटके द्यायला सांगितले; मग हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, क्लच अलगद सोडत इंजिनावर भार आणला आणि दर वेळी नळी कुठवर जाते ते बाजूला सुरक्षित उभे राहून पाहिले. ती वर सात मिलिमीटर गेली, खाली चार. त्यावरून वरच्या अंगाला पंधरा आणि इतरत्र बारा मिलिमीटर फट ठेवायचे ठरले. खिडकी बेढब झाली, तिचा वरचा काठ खालच्या काठाशी समांतर राहिला नाही, आणि मला ती पहिल्या देखण्या खिडकीपेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

पुठ्ठ्याचे फर्मे कापण्यात चार रविवार गेले. प्रत्यक्ष पत्रा कापायला एक सकाळ पुरली. रंगावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आखणी केली. उघड्या ॲल्युमिनियमवर टोकदार सुईने रेघ ओढायची नाही, कारण तो ओरखडाच पुढे चिरेची सुरुवात ठरतो, आणि शिसपेन्सिलही वापरायची नाही, कारण तिच्यातल्या ग्राफाइटमुळे ओल लागताच धातू गंजू लागतो. अल्टरनेटर, कार्बोरेटरची तोंडे आणि वायरिंग जुन्या चादरीने झाकून टाकले. मग चारही कोपऱ्यांत मोठी गोल भोके पाडली आणि त्या भोकांना जोडत पत्र्याच्या कात्रीने रेषेच्या दोन मिलिमीटर आतून कापत गेलो. उरलेले दोन मिलिमीटर कानशीने काढले. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्याचा कीस कानशीच्या दातांत रुतून बसतो आणि मग कानस कापायचे सोडून ओरखडे काढू लागते. त्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानपणी पाहिलेला उपाय इथेही चालला : कानशीवर आधी खडू घासायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने ती झाडायची. ग्राइंडरने हेच काम दहा मिनिटांत झाले असते, पण ग्राइंडरची चूक परत घेता येत नाही.

कापलेल्या काठावर रबराची पट्टी बसवावी असे अनेकांना सुचते. इतक्या जवळच्या उष्णतेत ती वितळून नळीला चिकटते, म्हणून मी काठ गुळगुळीत घासून आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचीच अरुंद पट्टी रिवेट केली. त्यामुळे कापल्याने गेलेला ताठपणा बराचसा भरून आला आणि काठ हाताला लागेनासा झाला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण धोका वितळण्याचा नाही. त्याच्या निम्म्याहूनही कमी तापमानाला हा कडक केलेला पत्रा मऊ पडायला लागतो. फटीतून खेळणारी हवा हेच त्याचे खरे संरक्षण आहे.

पुण्यातले तरुण भाचे हे ऐकून उत्साहाने विचारतात, "मामा, आमच्या गाडीला करून द्याल का?" त्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते पुन्हा ठामपणे सांगितले आहे. इथे इंग्लंडमध्येही मोकळीक सरसकट नाही. आवाज वाढेल असा बदल एक्झॉस्टमध्ये करायला १९८६ चे नियम मनाई करतात, म्हणून मोठ्या नळ्यांबरोबर मी लांब, आत काचतंतू भरलेला सायलेन्सर घेतला आणि विमा कंपनीला बदलाचे पत्र आधी पाठवून मगच हत्यार हातात घेतले. शेजारी झोपलेले असताना गाडी बाहेर काढता आली पाहिजे, ही माझी स्वतःची अटही होतीच.

या कामाला आता तीन हिवाळे झाले. दर वसंतात गाडी बाहेर काढण्यापूर्वी मी बारा मिलिमीटरची लाकडी काडी खिडकीत चारही बाजूंनी फिरवून पाहतो. यंदा ती खालच्या काठाशी अडकली. मोजले तर फट आठच उरली होती. माझा हात क्षणभर कानशीकडे गेला. मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, तेव्हा त्या बाजूचे रबरी माउंटिंग चिरून इंजिन खाली बसलेले दिसले. नवे माउंटिंग बसवले, पुन्हा काडी फिरवली, ती सहज गेली.