मी लिहिलेला तक्रार-अर्ज

अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका सरकारी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी एका कृष्णवर्णीय मुलाला वर्गातून कार्यालयात पाठवले आणि सोबतच्या अर्जावर ‘उद्धट वर्तन’ या चौकटीत खूण केली. त्याला तीन दिवसांचे निलंबन झाले. त्याच्या आजीने अपील केले, तेव्हा सुनावणीला मलाही बसावे लागले.

आजींनी मला एकच प्रश्न विचारला: तो नेमके काय बोलला? “उत्तर बरोबर आहे ना, मग पायऱ्या कशाला लिहायच्या?” हे त्याचे वाक्य मी सांगितले आणि सांगता सांगताच माझा आवाज उतरला, कारण आदल्या आठवड्यात हाच प्रश्न एका गोऱ्या मुलाने तितक्याच चढ्या स्वरात विचारला होता आणि मी त्याला फळ्यापाशी बोलावून सगळे समजावून सांगितले होते. शिक्षकांना उलट प्रश्न करायचा नाही, हे मी सांगलीच्या शाळेत शिकले होते; पण तो नियम मी दोघांना सारखा लावलाच नव्हता, त्यामुळे संस्कारांकडे बोट दाखवण्याची सोय मला उरली नाही.

निलंबनापूर्वी मुलाला आरोप सांगून त्याची बाजू ऐकली पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल याच राज्यातील कोलंबसच्या शाळांच्या प्रकरणात लागला होता. आमच्या कार्यालयानेही मुलाला विचारले होते; मात्र विचारणाऱ्यांच्या हातात माझा ‘उद्धट’ हा शब्द आधीच पडलेला होता.

निलंबन रद्द होऊन त्याची नोंद पुसली गेली. त्यानंतर मी सप्टेंबरपासूनचे माझे सगळे अर्ज काढून बसले. फोन वापरणे, न विचारता बाहेर जाणे अशा, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे ५ होते. उरलेले ९ ‘उद्धट’, ‘असहकार’ अशा माझ्या मतांचे होते आणि त्यांतील ७ कृष्णवर्णीय मुलांवर होते, जी माझ्या वर्गात एक तृतीयांशही नाहीत. २०१३-१४ मध्ये देशभरातील सरकारी शाळांत ही मुले १५.५ टक्के, तर निलंबितांत सुमारे ३९ टक्के होती, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालातील आकडे मी पूर्वी वाचले होते. त्यांत माझाही हात असेल, असे कधी वाटले नव्हते.

आता मी अर्जात विशेषण लिहीत नाही, मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहिते, आणि बहुतेक वेळा ते लिहून झाल्यावर अर्ज पाठवण्याचे कारणच राहत नाही. अपिलाचा निकाल येईपर्यंत त्या मुलाचे तीन दिवस मात्र बुडून गेले होते. त्या दिवसांतला अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ मी त्याला जेवणाच्या सुटीत पुन्हा शिकवला, आणि पायऱ्या कशासाठी लिहायच्या, हेही त्याच वेळी सांगितले.