कलम २३ आणि आजीची सुकडी
आज लंडनमध्ये आमच्या मानवी हक्क व सार्वजनिक धोरणाच्या वर्गात १९४८च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम २३, म्हणजे कामाचा हक्क, चर्चेला होते आणि बोलण्याची पाळी माझी होती. मी महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याविषयी बोलले: १९७२च्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून १९७७ साली झालेला, व्यवसाय कराचा पैसा ग्रामीण मजुरीकडे वळवणारा आणि २००५च्या केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधी ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व मान्य करणारा कायदा.

“काम मिळाले नाही, तर काम मागणाऱ्या बाईने दाद कुठे मागायची?” केनियाच्या वर्गमैत्रिणीने विचारले. बेकारी भत्त्याची तरतूद मी सांगितली खरी, पण तो भत्ता प्रत्यक्ष हाती पडणे किती अवघड असते, हेही सांगणे भाग होते. हक्क आणि धोरण यांच्यातील सगळे अंतर, माझ्या मते, त्या एका प्रश्नात आहे.

बहात्तर साली माझ्या आजीने बीड जिल्ह्यात खडी फोडली. सोललेले तळवे आणि लेकरांसाठी पदरात बांधून आणलेली सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा खाऊ, एवढेच ती सांगत असे. संध्याकाळी आईला फोन करून त्या कामाचा एखादा कागद घरात उरला आहे का, असे विचारले. ती उद्या पत्र्याची पेटी उघडून पाहणार आहे.