ईव्ह ऑनलाइन: जवळचा ट्रेड हब शोधताना माझ्या दोन संध्याकाळी गेल्या

अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. ईव्ह ऑनलाइन म्हणजे अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन गेम. त्यात एका सिस्टममधून (तारा आणि त्याचे ग्रह) दुसरीत गेटमधून जायचं, ती एक जंप, आणि जिथे मोठा बाजार भरतो ती सिस्टम म्हणजे ट्रेड हब. नवीन खेळणाऱ्यांनी तरी नक्की वाचा, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

मी जिता या सगळ्यात मोठ्या हबजवळ, इनारो सिस्टमच्या बाजूला असते. थोडं मायनिंग, थोडं मॅन्युफॅक्चरिंग. यावेळी 700 हॉबगॉब्लिन ड्रोन बनवले, एक ड्रोन 5 घनमीटरचा, म्हणजे 3500 घनमीटर माल झाला आणि तो एका बॅजरमध्ये (मालवाहू जहाज) मस्त बसला. इथपर्यंत काही त्रास नाही. पण जितात विक्रीची ऑर्डर लावली की लगेच कोणीतरी त्याखाली किंमत लावणार, मग आपण परत बदला, परत तो बदलणार, मला तेवढा वेळ नाही. म्हटलं दुसरा हब बघू. गेममधल्या मार्केट विंडोत आपण ज्या रीजनमध्ये (अनेक सिस्टमचा प्रदेश) आहोत तेवढ्याच ऑर्डरी दिसतात, म्हणून लोक बाहेरची टूल वापरतात. मी पण एक उघडलं. आपली सिस्टम टाकायची, आणि जिता, अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक हे पाच हब किती जंपवर आहेत ते येतं. इनारो टाकलं. अमार, 5 जंप.

खूश झाले मी. पाच जंप म्हणजे काहीच नाही. गेममध्ये डेस्टिनेशन लावलं तर चाळीसच्या वर जंप!

आता इथून जे सुरू झालं ते काय सांगू. आधी वाटलं ऑटोपायलटच्या सेटिंगमुळे होत असेल, कारण तिथे रस्ता छोटा हवा, सुरक्षित हवा की कमी सिक्युरिटीचा चालेल असे पर्याय असतात आणि माझा सुरक्षितवर होता. छोटावर टाकला. जंप कमी झाले पण मधे लोसेक आलं, आणि तरी पाच नाहीतच. लोसेक म्हणजे 0.1 ते 0.4 सिक्युरिटीच्या सिस्टम, तिथे हल्ला झाला तर कॉनकॉर्ड, म्हणजे गेममधले पोलीस, येत नाही, भरलेला बॅजर घेऊन मी तिथून अजिबात जाणार नाही. परत सुरक्षितवर आणलं. मग टाळायच्या सिस्टमची यादी असते ती पूर्ण रिकामी केली. तेच. टूल दुसऱ्या ब्राउजरमध्ये उघडून पाहिलं, पाचच. टूल बनवणाऱ्याला लिहिलं, उत्तर नाही. आजपर्यंत नाही.

मामेभावाला फोन केला, त्यानेच मला या गेमची गोडी लावली. तो म्हणे, "अगं ताई, जिता ते अमार नऊ जंप, मी शंभर वेळा गेलोय, तुझंच काहीतरी चुकतंय." हिशोब केला तर जिता ते इनारो चार, म्हणजे उरले पाच. टूल बरोबर, भाऊ बरोबर, फक्त माझा गेम चूक? पहिली संध्याकाळ अशी गेली आणि रात्री झोपताना पण तेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी माल स्टेशनमध्येच ठेवला, एक रिकामं फ्रिगेट (छोटं जहाज) घेतलं आणि टूल दाखवतं तो रस्ता स्वतः उडून पाहायचं ठरवलं. इनारो, मग कापुटेनेन, पुढे नियार्जा, मदिरमिलिरे, अशाब, अमार. कापुटेनेनला पोचले, ओव्हरव्ह्यूमध्ये गेटची यादी काढली आणि बघते तर नियार्जाचं गेटच नाही. दोनदा वाचली यादी. नाहीच.

कॉर्प चॅटमध्ये, म्हणजे आमच्या गटाच्या चॅटमध्ये, विचारलं तेव्हा एका जुन्या माणसाने दोन ओळींत सांगितलं. गेममधल्या ट्रिग्लेव्हियन नावाच्या शत्रूंच्या आक्रमणात 2020 मध्ये नियार्जा पडली, आणि त्याच वर्षी 27 सिस्टम तोडून पोचवेन नावाचा वेगळा रीजन झाला, त्यात ती गेली. बाहेरची गेटं बंद. जिता ते अमार हायसेकचा (0.5 आणि वरच्या सुरक्षित सिस्टमचा) रस्ता 9 जंपवरून 45 वर गेला. भावाने गेम सोडला 2018 ला, त्याला कुठून माहीत असणार. पण टूल? लोक आजही उघडतात ते, आणि आत नकाशा 2020 च्या आधीचा! राग याचा आला.

म्हणून कुठलंही असं टूल उघडलंत की आधी जिता ते अमार टाकून बघा. नऊ आले तर तिथेच बंद करा, पुढचे आकडे बघूच नका. आणि टूल चांगलं असलं तरी त्यातलं सेटिंग वेगळं आणि गेममधलं वेगळं, एकाचं दुसऱ्याला कळत नाही, दोन्हीकडे सुरक्षितच ठेवा.

मग दुसरं, नकाशा ताजा असलेलं टूल घेतलं, त्यात हायसेकने जितानंतर डोडिक्सी जवळचं निघालं. वाटेत उएडामा लागतं, 0.5 ची सिस्टम, मालाची जहाजं फोडणारे तिथे टपलेले असतात. कॉनकॉर्ड येतं पण तोवर आपलं जहाज गेलेलं असतं. ऑटोपायलट गेटपासून 15 किलोमीटरवर सोडतो आणि मग हळूहळू सरकत जातो, त्यामुळे माल असताना प्रत्येक जंप हातानेच मारा. मी तसंच केलं, उएडामाला अक्षरशः श्वास धरून बसले होते, गेट पार झालं तेव्हा जे बरं वाटलं ना!

हो, एक राहिलं, सर्व्हर रोज 11:00 यूटीसीला बंद होतो म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, त्याच्या तोंडावर मोठी फेरी काढू नका. आणि हब म्हणजे नुसती सिस्टम नाही, स्टेशन पण बघा. जितात चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावरचं कॅल्डारी नेव्हीचं स्टेशन, सगळा बाजार तिथे.

डोडिक्सीत चार दिवसांत 640 ड्रोन गेले, जितापेक्षा बऱ्या भावात. उरलेले 60 ऑर्डरवर आहेत, 90 दिवसांची लावलीय.